कानामागचा वास

गंगुबाई ही कुत्री. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर अर्ध्या गोष्टीत कुणीतरी विचारायचं, ही बाई टेबलाखाली का शिरली म्हणून. चिंचपोकळी स्टेशनच्या अंगाला, रुळांकडे पाठ करून एक तीन मजली चाळ उभी आहे. चाळीसमोर चार-पाच लेथचे कारखाने. दोन्हींच्या मध्ये जी गल्ली, ती गंगुबाईची, म्हणजे तिथल्या सहा कुत्र्यांची. माणसं त्या गल्लीला आपली म्हणतात. म्हणोत बापडी.

नावं सगळी अप्पांनी ठेवलेली. अप्पा तळमजल्यावर एकटे राहायचे, जन्मभर कारकुनी करून थकलेले, गुडघ्यांनी बेजार, पण कुत्र्यांना घालायचं म्हणून रोज दोन मुठी तांदूळ जास्त शिजवणारे. चाळीचे सेक्रेटरी हितेंद्र यांच्याशी पाण्याच्या टाकीवरून त्यांचं एकदा चांगलंच वाजलं. त्याच आठवड्यात गंगुबाईला पिल्लू झालं. अप्पांनी नाव ठेवलं हितेंद्र, आणि सेक्रेटरी कामाला निघाले की दारातून हाक मारायचे, "हितेंद्रा, ये बाबा, शिळी चपाती खा." सेक्रेटरींनी मग चाळीच्या दारावर पाटीच लावली, कुत्र्यांना आत घेऊ नये. त्या पाटीचं पुढे काम पडणार आहे.

तर हितेंद्र हा गंगुबाईचा मुलगा, दीड वर्षाचा, अंगाने थोराड आणि स्वभावाने गरीब. राधाबाई आणि मीराबाई या जुळ्या बहिणी. तात्या जे म्हणेल ते आधी राधाबाई म्हणायची, मग मीराबाई. तात्या सगळ्यांत थोरला. एका डोळ्याने आंधळा, आणि दुसऱ्या डोळ्याने अख्ख्या जगावर डूख धरून बसलेला. आणि सहावी मनू, गंगुबाईची भाची, आठ महिन्यांची. मनूची आई सुभद्रा टेम्पोखाली गेली तेव्हा मनूचे डोळेही नीट उघडले नव्हते. गंगुबाईची त्या वेळची पिल्लं जगली नव्हती, पण दूध होतं. तिने मनूला ओढून पोटाशी घेतलं. मनू तिला मावशी म्हणायची, एवढाच काय तो फरक.

या सहा जणांचा एक रिवाज होता. सकाळी कारखान्यांची शटरं वर गेली की सगळ्यांनी विजेच्या लाल पेटीपाशी जमायचं आणि एकमेकांचा वास घ्यायचा. आधी तोंडाचा, मग शेपटीच्या मुळाशी, मग डाव्या कानामागे. तोंड सांगतं काय खाल्लं, शेपटी सांगते कुठे भटकून आलात. कानामागे मात्र ज्या दुधावर वाढलात त्या दुधाचा वास असतो, तो जन्मभर जात नाही. तिथला वास पटला की तुम्ही गल्लीतले. नाही पटला की चालते व्हा. तात्या म्हणायचा, "डोळे फसतात. कान फसतात. नाक खोटं बोलत नाही." एका डोळ्याच्या कुत्र्याला असं वाटणं साहजिक आहे.

हे सगळं इतकं काटेकोर कशासाठी, तर रस्त्यापलीकडे, पुलाखाली, दुसरी टोळी होती. नऊ-दहा कुत्री, सगळी आडदांड, आणि प्रत्येकाच्या डाव्या कानाचा शेंडा सरळ रेषेत कापलेला. तो कसा कापला गेला, कुणी कापला, याच्याबद्दल गल्लीत नाना तर्क चालत. तात्याचं मत पक्कं होतं. जाळीची पांढरी गाडी येते, कुत्र्यांना उचलून नेते, तिथे त्यांना फितवतात आणि खूण म्हणून कान कापतात. मग ती कुत्री त्यांची होतात. गल्लीतल्या सहाच्या सहा जणांचे कान शाबूत होते आणि तात्याला त्याचा फार अभिमान होता.

गाडी आली की लपायची जागाही ठरलेली. दुसऱ्या नंबरच्या कारखान्यात एक जुनं लोखंडी टेबल होतं, भिंतीला लागून, खाली लोखंडाच्या किसाची पोती. पोत्यांच्या मागे सहा कुत्री दाटीवाटीने मावत. इंजिनाचा आवाज तात्याला दोन वळणं आधी कळायचा. तो एकदा घशातल्या घशात गुरगुरला, की सगळे टेबलाखाली. तिथून हूं की चूं करायचं नाही. कुणी भुंकलं तर जागा उघडी पडेल, हा नियम.

माघ संपता संपता एक दिवस गाडी आली. पाच जण टेबलाखाली पोचले, मनू नाही. गंगुबाईने पोत्यांच्या फटीतून पाहिलं. मनू पेटीपाशी उभी होती आणि गाडीतून उतरलेला माणूस उकिडवा बसून तिला बिस्कीट दाखवत होता. दुसरा जाळं घेऊन मागे थांबला होता. जाळ्याची गरजच पडली नाही. मनू शेपटी हलवत आपल्या पायांनी गेली, बिस्कीट खाल्लं, त्या माणसाचा हात चाटला, आणि त्याने उचललं तशी गाडीत बसली.

गंगुबाईला एकदाच भुंकायचं होतं. एक भुंकणं, आणि मनू मागे वळून पळाली असती. ते भुंकणं तिच्या घशापर्यंत आलं आणि तिने ते गिळलं. शेजारी हितेंद्र होता, जुळ्या होत्या, नियम होता. नंतर तिने स्वतःला हे पुष्कळदा समजावलं. खरं सांगायचं तर ती घाबरली होती.

पाच दिवस मनूची जागा रिकामी. तात्या म्हणाला, "गेली ती. आता तिचं नाव नको." राधाबाई म्हणाली, नाव नको. मीराबाईही तेच म्हणाली. अप्पा मात्र रोज भाताचा टोप घेऊन बाहेर येत आणि सहा ढीग घालत. सहावा ढीग कावळे नेत.

सहाव्या दिवशी सकाळी पेटीपाशी वासाची हजेरी चालू असतानाच गाडी पुन्हा आली. सगळे टेबलाखाली पळाले. गाडी बरोबर लाल पेटीपाशी थांबली, दार उघडलं, मनूला खाली सोडलं आणि गाडी निघून गेली. एवढंच. मनूने अंग झाडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि थेट कारखान्यात येऊन टेबलाखाली तोंड घातलं. "मावशी, मी आले."

तिच्या डाव्या कानाचा शेंडा नव्हता.

तात्या आधी बाहेर आला. मागोमाग बाकीचे आले, पण चार हात लांब उभे राहिले. मनूच्या अंगाला औषधाचा असा भपकारा येत होता की डोळ्यांत पाणी यावं. पोटावरचे केस भादरलेले, मध्ये टाके.

"कुठे होतीस?" तात्याने विचारलं.

"तिथे खूप पिंजरे आहेत तात्या," मनू म्हणाली. तिला सगळं एका दमात सांगायचं होतं. "एक ताई होती. हातांवर पातळ निळे हात घालते ती. तिने मला भात दिला, त्यात कोंबडीचे पाय होते. मग मला झोप आली. उठले तर पोट दुखत होतं आणि कान दुखत होता. ताईने पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, शहाणी गं. मग रोज भात. मग आणून सोडलं."

"फुकट भात कोण देतं?"

"अप्पा देतात की."

 हितेंद्रला हसू आलं होतं, ते त्याने दाबलं. तात्याचा डोळा बारीक झाला.

"त्या बाईने काय काय विचारलं तुला?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

मनूने आठवून पाहिलं. ती खरं बोलणारी पोर होती, हाच तर सगळा घोटाळा. "नाव विचारलं. नाव काय गं तुझं, म्हणाली. मला सांगता नाही आलं."

"म्हणजे सांगायला गेली होतीस."

"हो."

तात्याने बाकीच्यांकडे पाहिलं. "ऐकलंत? आणि एक सांगा मला. एवढी मोठी मुंबई. त्यांनी हिला नेमकं याच गल्लीत, याच पेटीपाशी कसं आणून सोडलं? पत्ता कुणी दिला? कुठेतरी पाणी मुरतंय. कान बघा तिचा. पुलाखालच्यांचा असाच आहे की नाही?"

"असाच आहे," राधाबाई म्हणाली. मीराबाईनेही तेच म्हटलं, पण तिने मनूच्या टाक्यांकडे पाहून नजर वळवली.

तेवढ्यात अप्पा टोप घेऊन दारात आले आणि त्यांनी मनूला पाहिलं. "मनू! अगं आलीस होय?" म्हाताऱ्याचा आवाजच बदलला. "कुठे होतीस गं बाय? आणि हा कान..." ते गुडघे धरत पुढे आले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवू लागले. त्यांना वास घ्यावा लागला नाही. नुसतं पाहिलं आणि ओळखलं.

गंगुबाईला वाटलं, चला, सुटलो. पण तात्या हळूच म्हणाला, "बघा. माणूस हिला लगेच ओळखतो. माणसाला नाक नाही, मग ओळखलं कशावरून? आधीच ठरलेलं असल्याशिवाय?"

कुणाच्या डोक्यात एकदा संशय शिरला की त्याला घातलेलं सगळं पचतं. प्रेमसुद्धा.

अप्पा आत गेल्यावर तात्याने हजेरीचा हुकूम दिला. एकेकाने पुढे व्हायचं आणि मनूच्या कानामागचा वास घ्यायचा. राधाबाईने नाक नेलं न नेलं तोच मागे घेतलं. औषध. मीराबाई, औषध. हितेंद्रने बराच वेळ हुंगलं. "मला नक्की कळत नाही," तो म्हणाला. "औषध उतरायला चार दिवस लागतील. तेवढं थांबून बघू या का?" आणि त्याने आईकडे पाहिलं.

"चार दिवसांत ती गाडीला सगळ्यांची जागा दाखवेल," तात्या म्हणाला. "गंगुबाई, तू हिला पाजलंयस. तू सांग. तुझा शब्द शेवटचा."

गंगुबाई पुढे गेली. मनूने मान वाकडी करून कान तिच्यापुढे धरला, रोज धरायची तसाच. गंगुबाईने डोळे मिटले आणि वास घेतला. वर औषध होतं, त्याच्याखाली वाळलेलं रक्त होतं, आणि त्याच्याही खाली, अगदी कातडीच्या मुळाशी, कोमट, गोडसर असं काहीतरी होतं. तो तिच्या स्वतःच्या दुधाचा वास होता. चुकण्याचा प्रश्नच नव्हता. दुधाचा वास आईला कळत नाही तर कुणाला कळतो?

तिने डोळे उघडले. तात्याचा एक डोळा तिच्यावर रोखलेला होता. मनूवर नव्हे, तिच्यावर. आणि तिला लख्ख कळलं की आपण हो म्हटलं तर उद्याच्या हजेरीला कान आपला असेल. आज हिला वास येतो म्हणते, कसा काय येतो, हिलाच कसा येतो? मग हितेंद्र. तिला आपल्या पोराचं भय होतं, स्वतःचंही होतं, आणि कुठलं जास्त होतं ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"मला तर औषधाशिवाय कसलाच वास येत नाही," ती आवाज खाली आणून म्हणाली.

हितेंद्र अगदी शेजारी उभा होता. त्याने ते ऐकलं आणि मान खाली घातली.

मनूला वाटलं, मावशीचं नाक चोंदलंय. "परत घे ना मावशी," ती म्हणाली. "नीट घे. आणखी जवळ ये." आणि कान आणखी पुढे केला. गंगुबाई मागे सरली.

तात्या अंगावर आला तेव्हा मनू उताणी झाली. कुत्र्यांमध्ये उताणं झालेल्याला कुणी चावत नाही, हा साऱ्या मुंबईचा रिवाज आहे. पण पोटावर टाके दिसले आणि तात्या म्हणाला, "पोटसुद्धा उघडून घेतलंय हिने त्यांच्याकडून," आणि चावला. मग जुळ्या धावल्या. हितेंद्र धावला नाही, नुसता भुंकला. गंगुबाईही भुंकली. मनू रस्ता ओलांडून पलीकडच्या बेकरीच्या पायरीपर्यंत पळाली, आणि तिथे पोचल्यावर वळून बसली, गल्लीकडे तोंड करून.

ती तिथेच राहिली. मागे पूल, पुलाखाली टोळी. पुढे गल्ली. मधली पायरी तेवढी कुणाची नव्हती. गल्लीतून कुणी बाहेर डोकावलं की तिची शेपटी हलायची. आपण काही चुकलोय आणि थोड्या वेळाने मोठी माणसं बोलावतील, अशी लहान मुलांची समजूत असते ना, तशी ती बसली होती. अप्पा दोनदा जाऊन तिला घेऊन आले. एका हाताने काठी, दुसऱ्या हातात चपातीचा तुकडा. दोन्ही वेळा तात्याने गल्लीच्या तोंडाशी दात दाखवले. "अरे मनूच आहे रे ही," अप्पा म्हणाले. "तुम्हाला झालंय तरी काय?" घरात घ्यावं तर सेक्रेटरींची पाटी. तरी ते विचारायला गेले, आणि सेक्रेटरींना हितेंद्र नावाच्या कुत्र्याचा सूड उगवायची इतकी बरी संधी पुन्हा मिळणार नव्हती. अप्पा तिला पायरीवरच खाऊ घालून परत यायचे.

चौथ्या दिवशी दुपारी वारा फिरला. बेकरीकडून गल्लीत येऊ लागला. पेटीच्या सावलीत पाच कुत्री पडली होती, आणि पाचही नाकं एकदम वर झाली. पावाचा वास होता, मैद्याचा होता, आणि त्यात स्वच्छ, औषध उतरलेला, मनूचा वास होता. अगदी गेल्या महिन्यातलाच.

गंगुबाईचं काळीज हललं. आता काही बोलावंच लागणार नाही, नाकानेच सांगितलं सगळ्यांना. तिने हितेंद्रकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. मीराबाई उठून उभीसुद्धा राहिली होती. सगळ्यांना कळलं होतं आणि सगळ्यांना कळलंय हेही सगळ्यांना कळलं होतं. फक्त कुणीतरी पहिल्यांदा बोलायचं होतं.

तात्या बोलला. "वास उसना आणलाय," तो म्हणाला. "तिथे सगळं देतात, भातही देतात आणि वासही देतात." आणि पायांत नाक खुपसून त्याने डोळा मिटला.

मीराबाई खाली बसली.

नाक खोटं बोलत नाही म्हणे. नाक नव्हतंच बोललं कधी खोटं.

त्याच दुपारी पुलाखालची टोळी पायरीपाशी आली. इतके दिवस औषधाच्या भपकाऱ्याने ती फिरकली नव्हती. आज त्यांच्याही नाकाला स्वच्छ कळलं, ही पोर समोरच्या गल्लीतली आहे. तिच्या कापलेल्या कानाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मनूने आधी शेपटी हलवली. मग तिने गल्लीकडे वळून हाक दिली, संकटाची, लहानपणी गंगुबाईनेच शिकवलेली. ती आली की सगळ्यांनी धावायचं असतं.

पाच जण उठले आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. मध्ये फक्त रस्ता होता. "आपल्या हद्दीत आलेत का?" तात्या म्हणाला. "नाही ना? मग गप उभे राहा." गंगुबाईने पुढचा पाय फुटपाथवरून खाली ठेवला. हितेंद्र तिच्या पायाकडे बघत होता, तो पाय उचलला जाईल तर आपणही धावायचं म्हणून. हाक पुन्हा आली, या वेळी नुसतं "मावशी". गंगुबाईने पाय मागे घेतला.

बेकरीतला माणूस बादलीभर पाणी घेऊन धावला तेव्हा उशीर झाला होता. अप्पा पोचले त्याच्याही नंतर. त्यांनी घरातून जुनी चादर आणून मनूवर घातली आणि पालिकेची गाडी येईपर्यंत पायरीवर शेजारी बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून भाताचे पाचच ढीग पडू लागले. नावं घेणं त्यांनी बंद केलं.

त्यानंतर गल्लीत कुणी कुणाकडे पाठ करून झोपलं नाही. हजेरी दिवसातून दोनदा होऊ लागली. तात्या गंगुबाईच्या कानामागे जरा जास्तच वेळ थांबे. "फुटपाथवरून पाय खाली ठेवला होतास तू," एकदा तो म्हणाला. तेवढंच. पण त्या दिवसापासून टेबलाखालची तिची पोत्यांमागची जागा राधाबाईला मिळाली, आणि गंगुबाईने कडेला बसायचं ठरलं. नुसत्या शब्दाने हिच्याबद्दल खात्री पटलेली नाही, हे तात्याने शब्द न वापरता सांगितलं. गंगुबाईने मूग गिळले. तिला सवय झाली होती.

चैत्रात गाडी आली. तात्या गुरगुरला, सगळे धावले. गंगुबाई पोचली तेव्हा पोत्यांच्या मागे चार पाठी होत्या आणि कडेला कुणीतरी नवीन पोती आणून ठेवली होती. "हितेंद्र, सरक," ती म्हणाली. हितेंद्रने तात्याकडे पाहिलं. जागा होती, चार बोटं सरकला असता तर मावली असती. तो सरकला नाही. बाहेर पावलं वाजली आणि जाळं तिच्या अंगावर पडलं. पोत्यांमागून कुणी हूं की चूं केलं नाही. नियमच होता तसा.

तिथे खूप पिंजरे होते. एक मुलगी होती, हातांवर पातळ निळे हात घातलेली. तिने भात दिला, त्यात कोंबडीचे पाय होते. गंगुबाईने तो खाल्ला नाही आधी. ती प्रश्नांची वाट बघत होती. गल्लीत किती जण, टेबल कुठलं, पुढारी कोण. तिने उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, खोटी. कुणी काही विचारलं नाही. मग तिला झोप आली. उठली तेव्हा पोट दुखत होतं, कान दुखत होता. मुलीने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शहाणी गं. नाव काय तुझं?"

मनूने शब्दन् शब्द खरा सांगितला होता. भात, निळे हात, शहाणी गं, सगळं. तिने एक अक्षर पदरचं घातलं नव्हतं. गंगुबाईने तोंड भिंतीकडे केलं. कुत्र्यांना रडू येत नाही असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्या पिंजऱ्यात एक दिवस बसून बघावं.

सहाव्या दिवशी सकाळी गाडीने तिला लाल पेटीपाशी सोडलं. पत्ता कुणी दिला, हे कोडंही तेव्हा सुटलं. नसबंदीसाठी उचलताना माणसाने गळ्यात जागेची एक चिठ्ठी अडकवली होती, सोडताना ती बघून काढून घेतली. इतकं साधं. तिने ते तात्याला सांगायचं ठरवलं होतं, वाटेत. पेटीपाशी उतरल्यावर ठरवलेलं सोडून दिलं.

अप्पा दारातच होते. "गंगुबाई," ते म्हणाले. दीड महिन्यात त्यांनी घेतलेलं पहिलं नाव. तात्याचा डोळा बारीक झाला.

प्रश्न तेच होते आणि त्याच क्रमाने आले. कुठे होतीस, काय दिलं, काय विचारलं. ती काहीच बोलली नाही. खरं बोलून काय होतं ते तिने पाहिलं होतं, आणि खोटं आता तिच्याने बोलवत नव्हतं. मग एकेकाने पुढे व्हायचं ठरलं. राधाबाई, औषध. मीराबाई, औषध.

"हितेंद्र," तात्या म्हणाला, "तू हिचा मुलगा. तुझा शब्द शेवटचा."

हितेंद्र पुढे आला. गंगुबाईने मान वळवून कान त्याच्यापुढे धरला. ज्या दुधावर तो वाढला, त्या घराचा वास तिथे होता, तिच्या आईचा, तिचा, त्याचा स्वतःचा. त्याने डोळे मिटून नाक अगदी आत नेलं, आणि तिला त्याचा श्वास एकदम अडकलेला ऐकू आला. त्याला सापडलं होतं. आईला कळतंच ते. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यावरून पलीकडे तात्याकडे.

"मला तर औषधाशिवाय कसलाच वास येत नाही," हितेंद्र म्हणाला.

शब्द तेच. आवाज खाली आणायची तऱ्हाही तिचीच.

त्याच्यावर तिला राग आला नाही. ती उताणी झाली नाही, परत घे रे, नीट घे, असंही म्हणाली नाही. तात्याने अंगावर यायच्या आत ती वळली, रस्ता ओलांडला आणि बेकरीच्या पायरीवर जाऊन बसली. पायरी रोज धुतात, पण कोपऱ्यात, दगडाच्या खाचेत, मनूचा वास अजून किंचित शिल्लक होता. तिने नाक तिथे ठेवलं. आता घेतला तिने नीट वास, आणखी जवळ जाऊन.

समोर गल्लीच्या तोंडाशी हितेंद्र येऊन उभा होता, एक पाय फुटपाथच्या कडेवर ठेवून. औषध उतरायला चार दिवस लागतात. ती त्याच्या पायाकडे बघत बसली.